तुमचाच सण ना, मग तुम्हीच बघा!

(सल्ला मागणारं हे पत्र बरंच मोठं होतं. नाव, गाव, शाळा काढून सारांश देतेय.)

पत्र लिहिणारी वसईकडची, कॅथलिक, चौथीची क्लास टीचर. शाळा बोरिवलीपलीकडे, इंग्रजी माध्यमाची, मिशनची नाही तर एका ट्रस्टची, आणि सगळ्या स्टाफमध्ये ख्रिश्चन ही एकटीच. त्यामुळे रुजू झाली त्याच वर्षी ख्रिसमस प्रोग्राम तिच्या गळ्यात पडला, आता नववं वर्ष. डिसेंबरातला आपला एक दिवस तिने लिहून पाठवलाय. सव्वाचारला उठणं, डबे, पावणेसहाची लोकल, प्रार्थनेआधी कॅरलची प्रॅक्टिस, मग दोन तास वर्गावर, तिसरा ऑफ होता तर तिथे प्रॉक्सी लागली, मधल्या सुट्टीत येशूजन्माच्या नाटुकल्यातले 14 मेंढपाळ, 3 राजे आणि एक गाढव यांची तालीम, त्यातच ड्रेपरीवाल्याचा (भाड्याने पोशाख देणाऱ्याचा) फोन, घटक चाचणीचे 52 पेपर तसेच पडलेले, पालकांच्या ग्रुपवर ‘सांताचा ड्रेस रेडच हवा का मरून चालेल’, पावणेएकला शाळा सुटली की गॅदरिंगच्या डान्सची प्रॅक्टिस, त्यानंतर कापूस चिकटवणं. घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले असतात. गावच्या चर्चमध्ये 16 तारखेपासून नाताळचा नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) असतो, गेली तीन वर्षं तो एकदाही पुरा झालेला नाही. फराळाला सासूबाई एकट्याच बसतात. मागच्या वर्षी तिची मुलगी (आता नऊ वर्षांची) म्हणाली, “मम्मी, तुझा ख्रिसमस शाळेत असतो आणि आमचा घरी.” यंदा सुपरवायझर मॅडमनी सांगून टाकलंय, 23 ला कार्यक्रम, 24 ला आवराआवरीला या, तुमचाच सण ना, तुमच्याशिवाय कोण करणार. तिचा प्रश्न असा, की नाही म्हणू का? नाही म्हटलं तर शाळा ख्रिसमसच बंद करेल आणि ते माझ्यामुळे झालं असं होईल, शिवाय स्वतःच्याच सणाला नाही म्हणायची लाज वाटते.

* * *

आधी एक कबुली देते, नाहीतर पुढचं सगळं मी कुठल्या तोंडाने सांगतेय असं होईल. मी 31 वर्षं शाळेत काढली आणि आमच्याकडेही एक ख्रिश्चन बाई होत्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. डिसेंबर आला की आम्ही सगळे माना वळवून त्यांच्याकडे बघायचो. कोणी कधी ठरवलं नव्हतं, तसा कागद नव्हता, पण गोठा (येशूजन्माचा देखावा) त्यांनी करायचा, सांताची दाढी त्यांनी शिवायची, केक त्यांनी आणायचा, आणि केकमध्ये अंडं आहे का, दारू आहे का या प्रश्नांची उत्तरंही दरवर्षी त्यांनीच द्यायची. आम्हाला वाटायचं आपण किती मोठ्या मनाचे, त्यांचा सण शाळेत साजरा करतोय! त्यांच्या निरोपसमारंभात त्या म्हणाल्या, “आता यंदा पहिल्यांदा माझ्या घरचा गोठा मी स्वतः करीन.” सगळे हसले, मीपण हसले. घरी जाताना रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की बाई विनोद करत नव्हत्या. तेव्हा तुला सल्ला देणारी ही तुझ्या सुपरवायझर मॅडमच्या बाजूची बाई आहे असं समजूनच पुढचं वाच. आणि वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, चालवून घे.

तुझ्या पत्रात एक वाक्य तू सहज लिहून गेलीस आणि मी तिथेच अडकले. तू लिहिलंयस, ‘त्यांना कळायला हवं ना.’ नाही गं कळत. नऊ वर्षं ज्या बाईने एकदाही हूं का चूं केलं नाही, वर कार्यक्रम झक्क करून दाखवला, तिला त्रास होतोय हे दुसऱ्याला कसं कळणार? त्यांना दिसते ती 23 तारखेची तू, लाल साडी नेसलेली, पोरांना पुढे ढकलणारी, हसरी. पावणेसहाच्या लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने थर्माकोलच्या ताऱ्यांची पिशवी धरून उभी असलेली तू त्यांना कुठे दिसते. (थर्माकोलवरून आठवलं, आपल्याकडे 2018 पासून त्यावर बंदी आहे, तरी शाळा-शाळांच्या माळ्यावर तो सापडतोच. यंदा नको आणूस, तेवढंच एक ओझं कमी.)

आता ते ‘तुमचाच सण ना’. हे ऐकायला मान दिल्यासारखं वाटतं म्हणून त्याला उत्तर सुचत नाही. पण असं बघ, तुमच्या शाळेत गणपती बसतो ना? शारदोत्सव, दहीहंडी, हळदीकुंकू होत असेल. तेव्हा कोणी एकाच बाईला बाजूला घेऊन सांगतं का की तुमचा सण आहे, तुम्हीच बघा? नाही, तेव्हा तो शाळेचा कार्यक्रम असतो, नोटीस निघते, कामं वाटली जातात, आणि मला खात्री आहे की त्या यादीत तुझंही नाव असतं आणि तू मुकाट्याने रांगोळीला बसतेस. म्हणजे त्यांचे सण सगळ्यांचे आणि तुझा सण तुझ्या एकटीचा, असा हा हिशोब आहे. मुद्दाम केलेला नाहीये तो, मीही मुद्दाम केला नव्हता, पण आहे.

आणि हे फक्त नाताळचं नाही. हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणांना आपापली शाळा आठवत असेल आत्ता. ईदच्या दिवशी परिपाठात दोन शब्द बोलायला कोण, तर त्या एकट्या मुस्लिम मॅडम. 14 एप्रिलचं भाषण म्हटलं की अख्खी स्टाफरूम एकाच सरांकडे बघते, जणू बाबासाहेब बाकीच्यांचे कोणी लागतच नाहीत. ओणमची फुलं केरळच्या टीचरनी घालायची. धर्म-जात सोडा, ज्याचं अक्षर चांगलं त्याने जन्मभर फळा लिहायचा आणि ज्याला पेटी येते त्याने जन्मभर स्वागतगीत बसवायचं, हीसुद्धा त्यातलीच गंमत. फरक इतकाच की अक्षराचा कंटाळा आला तर माणूस तसं उघड म्हणू शकतो, सणाचा कंटाळा आला असं म्हणता येत नाही. म्हणून तुला लाज वाटते.

पण तुला कंटाळा सणाचा आलेला नाहीये, ते तू तुझ्याच पत्रात सांगितलंयस. तुला नोवेनाला जायचंय, सासूबाईंबरोबर कलकल (नाताळच्या फराळातला तळलेला गोड पदार्थ) वळायला बसायचंय, पोरीबरोबर गोठा करायचाय. सण तुला हवाच आहे. तो 8 डिसेंबरपासून 23 पर्यंत शाळेत खर्च होतो आणि खरा सुरू होतो तेव्हा तुझ्या अंगात त्राण नसतं, एवढंच झालंय. आमच्या त्या बाईंनीच मला एकदा सांगितलं होतं, की चर्चच्या हिशोबाने नाताळच्या आधीचे चार रविवार हे आगमनकाळाचे, म्हणजे वाट बघण्याचे, फादरांचा झगासुद्धा तेव्हा जांभळा असतो, आनंदाचा पांढरा येतो तो 24 च्या रात्री. मला तेव्हा फार नवल वाटलं होतं कारण आम्ही तर 24 ला दुपारी सगळे तारे खाली उतरवून मोकळे व्हायचो! म्हणजे ज्या वेळेला तुम्ही शांतपणे वाट बघायची त्याच वेळेला आम्ही तुमच्याकडून जिंगल-बिंगल सगळं उरकून घेत होतो.

अजून एक विचारते, रागावू नकोस. तुला हे काम थोडंसं हवंही आहे का? वर्षभर स्टाफरूममध्ये वटपौर्णिमा, संकष्टी, नवरात्रीचे नऊ रंग यांच्याच गप्पा चालतात, तू त्यात असतेस पण जरा कडेला. डिसेंबरातले दोन आठवडे मात्र सगळे तुझ्याकडे येऊन विचारतात, हे कसं असतं, ते का करतात. तेवढ्यापुरती तू मधोमध. ही गोष्ट सुटेल असं कुठेतरी वाटत असेल तर ते अगदी साहजिक आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण मग तेच जप ना. लोकांना सांगणं, गोष्ट सांगणं हे तुझ्याकडे ठेव. ड्रेपरीवाल्याशी हुज्जत घालून आणि फेविकॉलने बोटं चिकटवून तू मधोमध येत नाहीस, उलट कोपऱ्यात जातेस.

आता ‘मी नाही म्हटलं तर शाळा ख्रिसमस बंद करेल’ या भीतीचं बघू. असं होऊ शकतं, अजिबात होणार नाही असं मी म्हणणार नाही, हल्ली कुठल्या गोष्टीवरून कोण काय काढेल सांगता येत नाही. पण जो कार्यक्रम एका बाईच्या पाठीवर उभा आहे तो तसाही तिच्या बदलीबरोबर, आजारपणाबरोबर बंद पडणारच असतो. उद्या तुझं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर? चार जणांना गोठा बांधता येतो, ताऱ्याला कागद लावता येतो, गोष्ट माहितीये, अशी शाळा असेल तर तो टिकेल. आणि तरीही त्यांनी बंद केलाच तर ते त्यांनी केलं, तू नाही. नऊ वर्षं चालवलास तो.

बरं, मग करायचं काय? सरळ ‘यंदा मी नाही’ म्हणून मोकळं व्हायचं, हा एक रस्ता. मला तो यंदापुरता बरा वाटत नाही, कारण तारीख तोंडावर आलीये आणि पोरांची तालीम अर्धी झालीये. तो जो गाढव झालेला मुलगा आहे ना, त्याने घरी आजीला चार वेळा करून दाखवलं असणार. मोठ्यांच्या हिशोबात पोरांना मध्ये नको घ्यायला. दुसरा रस्ता, यंदा दात-ओठ खाऊन करायचं आणि पुढच्या वर्षी बघू. हे तू मागची किमान चार वर्षं म्हणतेयस असा माझा अंदाज आहे. तिसरा रस्ता जरा किचकट आहे पण मी तोच धरीन, काम तोडून वाटायचं, आणि नाव घेऊन वाटायचं.

नाव घेऊन म्हणजे, ‘कोणीतरी मदत करा ना’ असं ग्रुपवर टाकायचं नाही. त्यावर सगळे अंगठे देतात आणि येत कोणी नाही. ड्रेपरी पीटीच्या सरांकडे, कारण गॅदरिंगचे कपडे त्याच माणसाकडून येतात आणि सर त्याच्याशी बोलतातच आहेत, एकाच टेम्पोत सगळं येऊ दे. सजावट ड्रॉइंगच्या टीचरकडे. माइक, स्पीकर, पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या सरांकडे. पालकांचे मेसेज ज्या त्या क्लास टीचरकडे, आणि त्यासाठी एकच नोटीस काढायची, लाल-पांढरा-हिरवा घरात असेल तो कपडा चालेल, नवीन घेऊ नका. खरं तर या एका ओळीसाठी पालक तुला दुवा देतील, आदल्या रात्री आठ वाजता सांताचा ड्रेस शोधत फिरणारे आई-बाप मी पुष्कळ बघितलेत. तुझ्याकडे फक्त नाटुकलं ठेव. ते तुला आवडतं हे पत्रात दिसतंय, मेंढपाळांबद्दल तू सगळ्यात जास्त ओळी लिहिल्यास.

आणि मग ते चुकतील. सजावटवाल्या टीचर गोठ्यात कापसाचा बर्फ पसरतील, गव्हाणीत बाळ आधीच ठेवून देतील, तीन राजांना मेंढपाळांच्या आधी आणतील. तेव्हा तू उठून नीट करायला जायचं नाहीस! हे सगळ्यात कठीण आहे, मला माहितीये, मी स्वतः दुसरीने काढलेली रांगोळी रात्री गुपचूप पुसून पुन्हा काढलेली बाई आहे. पण तू एकदा हात लावलास की पुढच्या वर्षी ते पुन्हा तुझंच. विचारलं तर सांग, नाही विचारलं तर बर्फ पडू दे.

सजावटीवरून एक सुचवते. गोव्यात आणि तुमच्याकडेही बऱ्याच घरांत गोठ्यातल्या हिरवळीसाठी ताटलीत नाचणी पेरतात ना, आठ-दहा दिवसांत मस्त गवत येतं. तेच वर्गात कर. चौथीच्या पोरांना परिसर अभ्यासात हे चालून जाईल, प्रत्येक गटाला एक जुनी ताटली, माती, मूठभर नाचणी. रोज पाणी घालणं, पट्टीने उंची मोजणं, वहीत लिहिणं. 22 डिसेंबरला रामानुजन यांची जयंती म्हणून गणित दिवस असतो, त्या दिवशी शाळेत काहीतरी दाखवावंच लागतं, तिथे याच उंचीचा आलेख लावून टाक. एका कामात परिसर अभ्यास, गणित दिवस आणि गोठ्याचं गवत, तिन्ही उरकलं, तेही तासाच्या वेळेत. आणि वसईत काय, बोरिवलीत काय, बर्फ कधी पडलाय? पेंढा आणि नाचणीचा गोठा पोरांना जास्त आपला वाटेल.

कार्यक्रमही छोटा कर. दोन तास कशाला? 40 मिनिटं पुष्कळ झाली. एक नाटुकलं, दोन गाणी, सांता आला, गोळ्या वाटल्या, संपलं. प्रत्येक वर्गाचा एक डान्स हवाच हे कोणी ठरवलंय, गॅदरिंगला नाचणारच आहेत ना तीच पोरं तीन दिवसांनी. मेरीच्या रोलवरून पालकांची भांडणं होत असतील (‘आमच्या मुलीला मेंढी का दिली’ हा फोन मला स्वतःला आलाय) तर चिठ्ठ्या टाक. चिठ्ठीवर कोणाला बोलता येत नाही.

पैशांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, की दरवर्षी दीड-दोन हजार खिशातून जातात. हे मात्र आजपासून बंद. गणपतीच्या मखराचे पैसे कोणी शिक्षक घालतो का? ऑफिसमधून आधी अॅडव्हान्स मागायचा, बिलं ठेवायची, आणि अॅडव्हान्स नाही मिळाला तर तेवढ्या पैशांची सजावट होणार नाही. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, ज्यांना वाटायचं त्यांना वाटू दे.

सुपरवायझर मॅडमशी बोलायचं कसं, हे तू विचारलंयस. स्टाफरूममध्ये चारचौघांत नको, मधल्या सुट्टीत नको, त्यांचा डबा उघडलेला असताना तर नकोच. शाळा सुटल्यावर दहा मिनिटं माग, बसून बोल. मी असं म्हणाले असते, “मॅडम, नाटक मी बसवतेय आणि ते चांगलंच होईल. बाकीची कामं या चौघांना द्यायची मी यादी आणलीये, तुम्ही सांगितलंत तर ते करतील, मी सांगितलं तर नाही करणार. आणि 24 ला मी रजेवर आहे, हा अर्ज.” बस्स. कारण नको लांबवू, घरच्या अडचणी नको सांगू, सासूबाईंचे गुडघे, मुलगी, ट्रेन काही नाही. आपल्या बायकांची सवयच असते, रजा मागताना आधी आजारी पडायची. त्या ‘तुमच्याशिवाय कोण’ म्हणतीलच. म्हणू दे. हे कौतुक असतं, खरंही असतं, पण ते फुकट मिळतं म्हणून त्याच्या बदल्यात किती द्यायचं ते आपण ठरवायचं. तू म्हण, “म्हणून तर यादी करून आणली.”

24 चं जरा नीट समजून घे. सरकारी सुट्टी 25 ची आहे, 24 ला शाळा चालू ठेवणं चुकीचं नाही, त्यामुळे ‘माझा हक्कच आहे’ अशा सुरात जाऊ नकोस, किरकोळ रजेचा अर्ज आजच दे, तारीख टाकून, आणि त्याचा फोटो काढून ठेव. आदल्या दिवशी तोंडी सांगितलं की नाकारणं सोपं जातं. आवराआवरीला तुझी गरज नाही, तारे उतरवायला धर्म लागत नाही. दुसरं, आपल्या राज्यात शाळांना वर्षात 76 पेक्षा जास्त सुट्ट्या देता येत नाहीत, पण उन्हाळ्याची किंवा दिवाळीची मोठी सुट्टी थोडी कमी करून ते दिवस गणपतीला किंवा नाताळला द्यायची मुभा शिक्षण विभागाच्या परिपत्रकात असते, त्यात नाताळचं नावसुद्धा असतं. सुट्ट्यांची यादी जूनच्या आसपास ठरते, तेव्हा कोणी बोलत नाही आणि मग डिसेंबरात सगळे कुरकुरतात. येत्या जूनमध्ये तू बोल. कार्यवाटपाच्या मीटिंगमध्येच सांग की ख्रिसमस दरवर्षी वेगळ्या इयत्तेकडे जावा, पुढच्या वर्षी तिसरी, मग दुसरी, तसं. मी विचारायला आहेच, असंही सांग. विचारायला असणं वेगळं आणि राबायला असणं वेगळं.

आणि पेपरांचं. ते 52 पेपर ट्रेनमध्ये तपासायचा विचारही करू नकोस, विरार लोकलमध्ये पेपर काढायला आधी हात हलायला हवा. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा कमीत कमी 45 तासांचा धरलाय आणि त्यात तयारीचा वेळ धरलेला आहे, म्हणजे घरी बसून करायचं काम हे कामच आहे, ते ‘फावल्या वेळात’ नाही. कायदा दाखवून भांडायला नाही सांगत, तुझ्या स्वतःच्या डोक्यात हे पक्कं बसावं म्हणून सांगतेय. हातातला ऑफ तास गेला तर तो परत माग, किंवा पेपरांची तारीख पुढे माग. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मार्क दिले तर कुठलं आभाळ कोसळत नाही.

आता घराकडे येते, कारण तिथेही तू एक गोष्ट धरून बसलीयेस असं मला वाटतं. घरचा नाताळ म्हणजे आई करायची तसा, करंज्या, कलकल, दोदोल (नारळ-गुळाची मिठाई), केक, फुगे (तळलेले गोल पाव) सगळं घरी, 24 च्या दुपारी शेवटचा घाणा. तुझी आई नोकरी करत होती का गं? तू लिहिलं नाहीस, पण मला वाटत नाही. सगळं त्याच आठवड्यात कशाला? कलकल डब्यात छान टिकतात, पुढच्या रविवारी बसा सगळ्या. तुझी मुलगी नऊ वर्षांची आहे, काट्यावर पीठ दाबून गोल वळवायला हेच वय, वेडेवाकडे होतील. दोदोल आणि केक विकत आणा, वसईत घरगुती करून विकणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, त्यांनाही चार पैसे मिळतील. ओल्या नारळाच्या करंज्या तेवढ्या 24 ला, त्या दिवशी तू घरी असशीलच. सासूबाई एकट्या बसतात याचं तुला वाईट वाटतं ते फराळ कमी पडतो म्हणून नव्हे ना, गप्पांना कोणी नसतं म्हणून. मग एक रविवार गप्पांचा झाला की पुष्कळ झालं.

गोठा मुलीला करू दे. पूर्ण तिलाच. वाकडा झाला तर झाला, तू शाळेत 52 पोरांचं वाकडं कौतुकाने बघतेस. नोवेना नऊच्या नऊ दिवस जमणार नाही, तर कुठले दिवस जमतील ते आत्ता कॅलेंडरवर गोल करून ठेव, चार तर चार. बाकीचे पाच सासूबाई आणि मुलगी जातील, आणि येऊन तुला सांगतील फादर काय म्हणाले ते.

आणि एक, नाताळ 25 ला संपत नाही हे तुला मी काय सांगणार. तुमच्याकडे तो तीन राजांच्या सणापर्यंत, 6 जानेवारीपर्यंत चालतो, गोव्यात तर त्या दिवशी रेइश मागूशच्या चर्चला केवढी गर्दी असते. शाळेच्या डोक्यात मात्र 26 ला नाताळ शिळा होतो. याचा तू फायदा घे. शेजाऱ्यांकडे ताटं पाठवणं, नातेवाइकांकडे जाणं, स्टाफला घरी बोलावणं, हे सगळं 24-25 लाच कोंबायचं काही कारण नाही. स्टाफमधल्या त्या चौघांना, ज्यांनी यंदा कामं केली त्यांना, सुट्टीतल्या एखाद्या रविवारी वसईला बोलाव. ट्रेनने येऊ दे त्यांना एकदा, तुझा रोजचा प्रवास कळेल! गावातले गोठे दाखव, पोरं किती खपून करतात ते बघू दे, तुझ्या लेकीचा वाकडा गोठापण दाखव. नऊ वर्षांत त्यांच्यापैकी कोणी तुझ्या घरी नाताळला आलंय का? पत्रात तरी तसं दिसलं नाही, आणि आम्हीही आमच्या त्या बाईंकडे कधी गेलो नव्हतो, त्यांनी दोनदा बोलावलं होतं तरी.

लेकीच्या त्या वाक्याने तुला रात्रभर झोप लागली नाही असं लिहिलंयस. मुलं बोलतात ते दरवेळी तक्रार म्हणून बोलतात असं नाही, कधी कधी ती नुसती दिसलेलं सांगतात. तिला जाऊन समजावत बसू नकोस की मम्मीची नोकरी कशी महत्त्वाची आहे वगैरे. 24 ला तू घरी आहेस एवढंच तिला आज सांग, आणि अर्ज दिल्यावर सांग, आधी नको.

नाचणी मात्र उद्याच आण. रात्रभर भिजवून ठेवलीस तर लवकर रुजते, आणि दोन ताटल्या जास्तीच्या पेर, एक तुझ्या घरच्या गोठ्याला आणि एक वाया जाईल म्हणून, पोरं पाणी जास्त घालतातच.